श्री शिल्लक ते बारा आकडी नंबर

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली की पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, त्याखाली शुभ-लाभ, आणि मग जमेच्या बाजूला सगळ्यांत वर ‘श्री शिल्लक’. मागच्या वर्षाची उरलेली रोकड इथे मांडायची आणि तिथून पुढे वर्ष चालू. या आकड्याला आमच्या घरात फार मान होता. तो गल्ल्यातल्या नोटा-नाण्यांशी जुळायला हवा, पासबुकाशी जुळायला हवा, आणि गावात पसरलेल्या उधारीशीही. त्यामुळे दिवाळीच्या आधी माजघरात चकल्या-करंज्यांची गडबड आणि ओसरीवर मेळाची, अशी दोन्ही कामं एकाच वेळी चालत. मेळ लागला नाही तर मोठे बाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, फराळाच्या ताटावर बसत, पण त्यांचं चित्त वहीतच असे.

आमचं रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं घाटाच्या पायथ्याचं गाव. खानदेशातून वऱ्हाडात आणि तिथून वर दख्खनच्या पठारावर जाणाऱ्या जुन्या वाटेवर ते पडतं. म्हणून इथे दोन मोठ्या लढाया झाल्या, १४३७ ची आणि १५९० ची. १५८२ सालची खुदावंतखानाची मशीद अजून उभी आहे. १४३७ मध्ये खानदेशच्या नसीरखानाला ज्याने इथे हरवलं, तो बहमनी सरदार खलफ हसन मूळचा बसऱ्याचा व्यापारी, आणि त्याचा किताब होता मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती. गावच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस. तलवारीच्या आधी त्याच्या हातात हिशेबाची वही होती.

आमचं दुकान खताचं. पाटीवर ‘कृषी सेवा केंद्र’ आहे. गावात मात्र कुणी तसं म्हणत नाही, खताचं दुकानच म्हणतात. बियाणं, खत, फवारणीची औषधं, पंप. कपाशी, सोयाबीन, मका, तूर यांच्यावर चालणारं दुकान. म्हणजे जूनमध्ये माल जायचा आणि पैसा यायचा दिवाळीनंतर. मधल्या काळात दुकान उभं राहायचं ते फक्त वहीच्या भरवशावर.

वह्या मोठे बाबा लिहीत. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली वही. आत छापील रेघा नाहीत, कागदाला घड्या घालून पाडलेले सळ हेच रकाने. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. दिवसभराचं कच्च्या वहीत, रात्री पक्क्या किर्दीत, आणि किर्दीवरून एकेका माणसाच्या नावाने खतावणीत. त्यांच्या वडिलांच्या वह्या मोडीत आहेत. त्यांत साडेपाच रुपये ‘५॥’ असे आणि पावणेसहा ‘५॥।’ असे लिहिलेले दिसतात. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे-पै हळूहळू गेले, आणि मोठ्या बाबांनी रुपये-नवे पैसे लिहायला सुरुवात केली. एवढा बदल सोडला तर वहीची रीत आजोबांचीच राहिली.

बँक आमच्या दुकानात उशिरा आली. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या वर्षांत तालुक्या-तालुक्यांत शाखा निघाल्या, तेव्हाची गोष्ट. जालन्याचे, अकोल्याचे बियाण्याचे व्यापारी चेक मागू लागले म्हणून खातं उघडावं लागलं. तोवर बँकेची गरज पडली नव्हती. पासबुक भरून आणायचं तर एसटीने जायचं, खिडकीत पासबुक सरकवायचं आणि बाकावर बसायचं. आत कारकून जाड खतावणीतून एकेक ओळ हाताने उतरवून देत. गर्दी असली की ‘उद्या या’. उद्या म्हणजे आणखी एक एसटीची फेरी.

पासबुक घरी आलं की मोठ्या बाबांचं खरं काम सुरू होई. मी शाळेत होतो. त्यांनी मला समोर बसवून पहिली गोष्ट शिकवली ती उलट-सुलटाची. आपल्या वहीत बँक नावे असते, कारण तिच्याकडे आपले पैसे आहेत, ती आपलं देणं लागते. बँकेच्या वहीत तेच पैसे आपल्या नावावर जमा असतात. एकच व्यवहार, दोन वह्या, दोन बाजू. “आपलं नावे ते त्यायचं जमा. एवढं ध्यानात ठेव, बाकी सारं आपोआप येते,” असं ते म्हणत.

त्यांच्या एका जुन्या कागदावरचा मेळ इथे उतरवतो. आपल्या वहीप्रमाणे बँकेत शिल्लक १८,४५०. पासबुकात मात्र २१,१६५. म्हणजे पासबुकात २,७१५ जास्त. नवख्या माणसाला आनंद व्हावा असा फरक. मोठे बाबा पेन्सिल घेऊन दोन्हींकडच्या ओळी एकेक करत खुणा करत जात. जी ओळ दोन्हींकडे सापडली तिला खूण, जी एकीकडेच आहे ती वेगळ्या कागदावर. त्या कागदावर शेवटी असं उरलं: जालन्याला दिलेला ४,६०० चा चेक आणि अकोल्याचा १,१५० चा चेक अजून वटायला आलेले नाहीत. आपल्या वहीत दोन्ही गेले, बँकेला पत्ता नाही. म्हणून ५,७५० मिळवायचे. आपण भरलेला ३,००० चा एक चेक वसुलीला गेला आहे, अजून जमा व्हायचा आहे, तो वजा. बँकेने ३५ रुपये खर्चाचे कापले ते आपल्याला पासबुक पाहिल्यावरच कळले, तेही वजा. १८,४५० अधिक ५,७५० वजा ३,००० वजा ३५, बरोबर २१,१६५. खाली दुहेरी रेघ. ती रेघ मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला अजून ओळखीचं आहे, कारण आज मेळ लागल्यावर मलाही तेच होतं.

चेक त्या काळी खरोखर प्रवास करत. आपण जालन्याला रजिस्टरने पाठवायचा, त्यांनी तिथल्या बँकेत भरायचा, तो टपालाने आपल्या शाखेत यायचा, मग पैसे वळते व्हायचे. तीन-तीन आठवडे जात. वाटेतला चेक ही मेळातली सर्वांत मोठी आणि सर्वांत निरुपद्रवी तफावत. मोठे बाबा तिला घाबरत नसत. त्यांना भीती छोट्या फरकाची. सव्वादोन रुपयांचा फरक असला तर ते म्हणत, हा सव्वादोनचा नसेल. कुठे तरी हजाराची चूक एका बाजूला आणि तेवढीच दुसऱ्या बाजूला असेल, आणि त्यांतून हे सव्वादोन डोकं वर काढून बसले असतील. म्हणून ‘जाऊ दे, घाल खर्ची’ हे वाक्य आमच्या ओसरीवर चालत नसे.

फरक शोधायच्या त्यांच्या दोन रीती होत्या, आणि पुढे वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत मला त्या जशाच्या तशा सापडल्या. फरक आला की आधी त्याला दोनाने भागायचं. जो आकडा येईल तो वहीत आहे का पाहायचं. असेल, तर ती रक्कम जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा पडली आहे, कारण चुकीच्या बाजूला पडलेली रक्कम फरक दुप्पट करते. तिथे नाही सापडलं तर फरकाला नवाने भागायचं. पूर्ण भाग गेला की आकडे उलटे लिहिले गेलेत. एकदा फरक आला २,७००. नवाने भागले, ३०० आले, काही बाकी नाही. मग त्यांनी मला सगळ्या चार आकडी रकमा वाचायला लावल्या, आणि ४,७३० च्या जागी ७,४३० लिहिलेली ओळ सापडली. चार आणि सात यांनी जागा बदलली होती. मला तेव्हा ती जादू वाटली. आज संगणकावरही आम्ही तेच करतो आणि आजही ते लागू पडतं.

पण बँकेचा मेळ हा त्यांच्या लेखी सोपा. अवघड मेळ गावाशी होता. शेतकऱ्याचा पैसा कापसातून यायचा, आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदीत, म्हणजे पणन महासंघाच्या केंद्रावर घालावा लागे. बैलगाड्यांच्या रांगा, मग माप, मग चुकाऱ्याची वाट पाहणं. चुकारा आला तरी त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी कापून घेतलेलं असे. उरलेल्यातून लग्न, दवाखाना, आणि मग आमचं दुकान. चुकारा झाल्याची बातमी गावात आली की मोठे बाबा खतावणी घेऊन पुढच्या पडवीत बसत. माणूस येई, पायरीवर टेके, आणि त्याचं खातं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं जाई. मृगाला दोन गोण्या, पोळ्याच्या आधी औषधाची बाटली, नवरात्रात रोख शंभर. तिथी, माल, रक्कम. माणूस ऐकत असे आणि मधेच हात वर करी.

“थांबा बाप्पा. ते तिसरी गोणी माही नाई. माह्या चुलतभावानं नेली होती, मी निस्ता गाडीवर होतो.”

मोठे बाबा वाद घालत नसत. पुढच्या ओसरीवरच्या माणसाला विचारत, त्या चुलतभावाला बोलावणं धाडत. तो येऊन ‘हाव, माहीच’ म्हणाला की एकाच्या नावावरून कमी करून दुसऱ्याच्या नावे टाकत. आणि ज्याचा उलगडा होत नसे ते ‘उचंत’ खात्यात. उचंत म्हणजे ठिकाण न लागलेले पैसे किंवा माल. ते वर्षअखेर रिकामं झालंच पाहिजे असा त्यांचा दंडक. वाचून दाखवणं संपलं की माणूस अंगठा किंवा सही करी. निरक्षर माणसाला त्याचा हिशेब कानांनी तपासता येई, आणि वहीतली चूक तो माणूस स्वतःच पकडून देई. मी पुढे बऱ्याच ठिकाणी हिशेब तपासण्याच्या पद्धती पाहिल्या. याहून चोख पद्धत पाहिली नाही.

घरखर्चाचंही तसंच. गल्ल्यातून भाजीला पाच रुपये घेतले तरी ‘घरखर्च खाते नावे’. आईला याचा राग येई, कारण वर्षअखेर घराने किती खाल्लं ते सगळ्यांसमोर यायचं. पण दुकानाचा नफा किती हे त्यामुळेच कळत असे.

दिवाळीचं हे वर्ष कायद्याने गेलं ते १९८९ साली. त्याआधी व्यापाऱ्याला दिवाळी ते दिवाळी हिशेबाचं वर्ष धरता येई. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपू लागलं. मोठ्या बाबांनी वहीपूजन दिवाळीलाच ठेवलं आणि हिशेब मार्चला. मार्च म्हणजे उन्हाळा, गावात लग्नसराई, शेत मोकळं. मेळाची ओसरी तशीच राहिली, सण मात्र त्यातून वजा झाला. त्यानंतरचं सगळं भराभर झालं: मलकापुरात संगणक, त्यावर बंगळूरच्या कंपनीचं टॅली, बँकांचं कोअर बँकिंग, २००५ अखेर एनईएफटी. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, आणि मेळाच्या कागदावर महिनोन्महिने ताटकळणारे जुने चेक नाहीसे झाले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा गेल्या. ऐन कापसाच्या हंगामात. १ जुलै २०१७ ला जीएसटी. मोठे बाबा तोवर थकले होते. जीएसटीचं पहिलं विवरणपत्र भरताना ते शेजारी बसून होते, एवढं त्यांनी पाहिलं.

आता दुकानाचे हिशेब माझी पुतणी पाहते. बी.कॉम. झालेली, मोठ्या बाबांची नात. ओसरीच्या जागी काचेची केबिन आहे, आणि टॅलीत बँक मेळाचा एक वेगळा पडदाच आहे. आपल्या प्रत्येक नोंदीसमोर बँकेची तारीख टाकायची. जिच्यासमोर तारीख पडली ती जुळली, कोरी राहिली ती वाटेत. पेन्सिलीच्या खुणेच्या जागी तारीख आली, तत्त्व तेच. पासबुकासाठी एसटी धरावी लागत नाही. उतारा रोज सकाळी मोबाइलवर, पैशांसकट. चेक आता प्रवास करत नाहीत, त्यांचा फोटो जातो. ऑक्टोबर २०२५ पासून तर भरलेला चेक त्याच दिवशी वटतो. जालन्याचे ते तीन आठवडे संपले याचा मला मनापासून आनंद आहे. त्या आठवड्यांत मोठ्या बाबांनी किती रात्री काळजीत काढल्या ते मी पाहिलं आहे.

तरीही पुतणीला मेळ लावायला मोठ्या बाबांपेक्षा जास्त वेळ लागतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं. कारण असं.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. तीन गोण्यांचे होतात ७९९ रुपये ५० पैसे. काउंटरवर क्यूआर आहे. एक जण ७९९.५० पाठवतो, दुसरा ८०० पाठवतो आणि ‘राहू द्या’ म्हणतो, तिसरा ७९९ पाठवतो. खताची विक्री आधार लावून पॉस मशीनवर होते. तिथे किंमत पैशासकट नोंदलेली. बिल एक, मशीन दुसरं, बँकेत आलेली रक्कम तिसरी, आणि फरक पन्नास पैशांचा. जुलैच्या एका पावसाळी दिवसात असे फरक ओळीने येतात. पुतणी त्यांच्यासाठी ‘पैसे फरक’ असं खातं ठेवते आणि महिन्याला ते तपासते. मोठ्या बाबांनी हे खातं पाहिलं असतं तर रोज तपासायला लावलं असतं.

कार्डाचं आणखी वेगळं. ट्रॅक्टरवाला एखादा पंप आणि औषधं घेतो, क्रेडिट कार्ड घासतो, बिल १२,४०० चं. दुसऱ्या दिवशी बँकेत येतात १२,१०७ रुपये ३६ पैसे. दोन टक्के दराने २४८ रुपये कापले गेले आणि त्या २४८ वर अठरा टक्के जीएसटी, ४४ रुपये ६४ पैसे. ग्राहकाच्या खात्याला पूर्ण १२,४०० जमा द्यायचे. त्याचं देणं फिटलं. २४८ आपला खर्च, आणि ४४.६४ ची वजावट जीएसटीत मागायची. बँकेच्या उताऱ्यात मात्र एकच ओळ, आणि दिवसात चार जणांनी कार्डं घासली असतील तर चौघांची मिळून एकच. ती ओळ फोडायला मशीनवरून निघालेला दिवसाचा हिशेब लागतो. तो कागद हरवला की रात्र गेली. यूपीआयने थेट बँक खात्यातून आलेल्या पैशातून व्यापाऱ्याचं काही कापलं जात नाही, जानेवारी २०२० पासून. म्हणून ती रक्कम निदान पूर्ण येते.

आणि दुकानाचं स्वतःचं क्रेडिट कार्ड. हे आलं तेव्हा मला त्याचा स्वभाव समजावून घ्यावा लागला. ती बँक नव्हे. तो उधार देणारा सावकार आहे, आणि खतावणीत त्याला जमेच्या बाजूलाच बसवायला हवं. कार्डाचं बिल आमच्याकडे अठरा तारखेपासून पुढच्या सतरा तारखेपर्यंतचं येतं. वीस जूनला डिझेल घेतलं की ते जुलैच्या बिलात दिसतं आणि पैसे ऑगस्टमध्ये जातात. खर्च जूनचा, बिल जुलैचं, बँकेतून वजा ऑगस्टला. छोट्या दुकानदारांच्या वह्यांत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. डिझेलची पावती खर्ची घालतात, आणि ऑगस्टमध्ये बँकेतून बिल गेलं की तेही खर्ची घालतात. खर्च दुप्पट, नफा खोटा. नीट रीत अशी की खरेदीच्या दिवशी खर्च नावे आणि कार्ड जमा. बिल भरलं की कार्ड नावे आणि बँक जमा. मग कार्डाच्या बिलाचाही बँकेसारखाच मेळ लावायचा, ओळ न ओळ. त्यात वार्षिक फी निघते, तिच्यावरचा जीएसटी निघतो, डिझेलवरचा अधिभार आणि मग त्याची परत मिळालेली सूट निघते. आणि एखाद्या महिन्यात कुणी तरी घरात मागवलेला मिक्सरही निघतो.

तो मिक्सर मला खरोखर बोचतो, कारण तिथे मोठ्या बाबांची शिस्त तुटते. त्यांचा गल्ला एक होता, पण त्यातून निघालेला प्रत्येक पैसा सांगून निघत असे. आज एकाच फोनमधून दूध, शाळेची फी, जालन्याच्या व्यापाऱ्याचे पैसे आणि रिचार्ज जातात, आणि बोलायची गरज पडत नाही. पुतणीने भावाला, म्हणजे तिच्या बाबांना, दुकानाचं चालू खातं आणि घराचं बचत खातं वेगळं करायला लावलं. तालुक्यातल्या प्रत्येक दुकानदाराला मी हेच सांगतो. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. अर्धा मेळ तिथेच लागतो.

पण या सगळ्यांहून मोठी अडचण नावांची आहे. उताऱ्यातली एक ओळ अशी असते: यूपीआय, बारा आकडी नंबर, अर्धवट तुटलेलं एक नाव, रक्कम ६,४००. वेळ सेकंदासकट. पैसा कधी आला ते इतकं अचूक कुठल्याच वहीत कधी नव्हतं. फक्त ते नाव आमच्या खतावणीत नसतं. कारण खत नेलं बापाने, आणि पैसे पाठवले चाकणला कंपनीत असलेल्या मुलाने. किंवा सुरतेला दिलेल्या मुलीच्या नवऱ्याने. किंवा शेजाऱ्याने, कारण म्हाताऱ्याकडे साधा फोन आहे आणि त्याने शेजाऱ्याच्या हातात रोख देऊन त्याला पाठवायला सांगितलं. काउंटरवरचा डबा रक्कम मिळाल्याचं खणखणीत मराठीत सांगतो, कुणाच्या खात्यावर घ्यायची ते सांगत नाही. उचंत खातं, जे मोठ्या बाबांच्या काळी दोन-चार ओळींचं असे, ते आता पानभर असतं.

पुतणी एका संध्याकाळी अशी यादी घेऊन घरी आली.

“काका, हा चाकणचा कोण? ६,४०० आलेत.”

मी नाव पाहिलं, आडनाव पाहिलं. नाही सुचलं. आई आत भाकरी टाकत होती. तिला वाचून दाखवलं तर ती चुलीपाशीच म्हणाली, “अगं, तो वेशीजवळच्या म्हाताऱ्याचा नातू नाई का. त्याच्या मायचं आडनाव लावते तो.” खतावणी उघडली. त्या म्हाताऱ्याच्या नावे ६,४०० बाकी होती, पैशासकट तेवढीच.

मला जे सांगायचं आहे ते या एका ओळीत आहे. मेळाचं यंत्र बदललं, वेग बदलला, बँक खिशात आली. शेवटची जुळणी मात्र अजूनही त्या माणसाच्या हातून होते ज्याला गाव माहीत आहे. पैसा कुणाचा, कुणासाठी, कोणत्या गोणीचा हे सांगणारा मजकूर उताऱ्यात नसतो. पूर्वी तो पायरीवर बसून बोलला जायचा, आणि बोलताना आपोआप वहीत उतरायचा. आता माणूस दुकानात न येता पैसे पाठवतो. हिशेब न ऐकता जातो. त्याच्या खात्यात दुसऱ्याची गोणी पडली असेल तर हात वर करायला तो समोर नसतो. मुलगा चाकणहून पैसे पाठवतो तेव्हा त्याला बाकी किती हे बापाने सांगितलेलं असतं, आणि बापाला ते कुणी वाचून दाखवलेलं नसतं. कुठे तरी तो खरेपणा कमी होतो आहे, आणि मला ते सहन होत नाही.

जुनं सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. चुकाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आज व्यापाऱ्याने मका घेतला की त्याच संध्याकाळी काही जणांच्या खात्यात पैसे येतात. अडकलेल्या पैशाचंही तसंच. यूपीआयने ग्राहकाचे गेले आणि आपल्याकडे आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मुदत घालून दिली आहे: दुकानाला केलेल्या पेमेंटचे पैसे पाच दिवसांत आपोआप परत, नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. जालन्याचा चेक हरवला तर मोठ्या बाबांच्या वाट्याला फक्त पत्रव्यवहार येई. दुकानाला कर्ज मागायला गेलं तर बँक आज उतारा पाहूनच निम्मा निर्णय घेते, आणि ज्याचा मेळ साफ आहे त्याची कॅश क्रेडिटची मर्यादा वाढते. हे लाभ खरे आहेत, आणि ते आम्ही घेतो.

म्हणून पुतणीने आणि मी मिळून काही गोष्टी बदलल्या. खतावणीत प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना वाढवला: ‘पैसे कुणाच्या फोनवरून येतात’. मुलाचं, जावयाचं, शेजाऱ्याचं नाव तिथे. माल देतानाच विचारायचं. कार्ड मशीनचा दिवसाचा कागद रात्री बिलांच्या गठ्ठ्याला टाचायचा. आणि मृगाच्या आधी एकदा, कापूस-सोयाबीन विकून झाल्यावर एकदा, ज्यांची बाकी आहे त्यांना दुकानात बोलावून खातं वाचून दाखवायचं. लांब गेलेल्या मुलांना फोनवर. पहिल्या वेळी पुतणी संगणकाच्या पडद्याकडे पाहून वाचू लागली, तेव्हा समोरचे आजोबा म्हणाले, “पोरी, जरा सावकाश. तुहा आजा सावकाश वाचे.” मग तिने कागदावर छापून घेतलं आणि तारखांऐवजी नक्षत्र-सण सांगायला सुरुवात केली: मृग, पोळा, नवरात्र. तिला ते पाठ नव्हते; आता आहेत. त्या दिवशी तीन खात्यांत दुरुस्त्या निघाल्या. त्यांतली एक दुकानाच्या बाजूची होती, एका गोणीचे पैसे दोनदा धरले होते. आजोबांनीच ती सांगितली.

या मार्चला उचंत खात्यात तीन ओळी उरल्या. एक ३,२०० ची, नाव गुजराती वाटतं. एक १,०६६ ची, म्हणजे चार गोण्या युरिया नक्की. आणि एक अवघी ५०० ची. चार गोण्यांची ओळ लागेल, कारण त्या दिवशी चार गोण्या नेलेले पाच जणच आहेत आणि पाचही जण गावातले आहेत. ३,२०० साठी सुरतेकडे लेकी दिलेल्या घरांची यादी आईने सांगितली आहे. ५०० वाल्याला बारा आकडी नंबर घेऊन बँकेत विचारायचं ठरलं आहे, सोमवारी, पहिल्या एसटीने.